पोलिसांनी चुकीच्या मुलाला रात्रभर डांबलं. जाब कुणाला विचारायचा, हवालदाराला की सरकारला?

कात्रजची_मावशी (धागाकर्ती)

नमस्कार. एरवी मी इथे फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा १९ वर्षांचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. मागच्या शनिवारी संध्याकाळी क्लासहून येताना चौकातल्या टपरीपाशी मित्राची वाट बघत उभा होता. साध्या वेशातले दोघे आले, नाव विचारलं आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून चौकीत घेऊन गेले. मोबाईलचोरीच्या एका गुन्ह्यात त्यांना त्याच नावाचा मुलगा हवा होता. आडनाव वेगळं, राहायचं ठिकाण वेगळं. हा आधार कार्ड पुढे करत राहिला. कुणी ते हातात घेतलं नाही.

साडेनऊपर्यंत त्याच्या फोनची रिंग जात होती, मग फोन बंद झाला. बहीण, मी आणि शेजारचे एक काका असे तिघं शोधत हिंडलो. रात्री बाराच्या सुमारास ज्या चौकीत तो होता तिथेही गेलो. "असा कुणी आणलेला नाही," असं उत्तर मिळालं. तो आतल्या खोलीत होता आणि त्याला आईचा आवाज ऐकू येत होता. हे त्याने आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितलं.

रविवारी सकाळी अकराला खरा मुलगा दुसरीकडे सापडला म्हणून ह्याला सोडलं. "गैरसमज झाला, घेऊन जा." कुठेही नोंद नाही, सही नाही. दोन्ही तळपायांवर पट्ट्याचे वळ. मोबाईल परत दिला, सॅक दिली नाही, "नंतर या" म्हणाले. सॅकमध्ये त्याचं जर्नल आहे, सरांच्या सह्या झालेलं. सबमिशन पुढच्या आठवड्यात.

बहीण म्हणते, त्या हवालदाराची नोकरी घालवून मला काय मिळणार, त्यालाही लेकरं असतील. पण चौकी सरकारची, पट्टा सरकारचा, माणसंही सरकारची. मग सरकार काही देणं लागतं की नाही? शेजारचे काका म्हणतात, पोलिसांच्या कामाबद्दल सरकारवर दावा चालतच नाही. खरं आहे का हे?

---

नवी_पेठ

ताई, वाचून जीव तुटला. तरीही मनापासून सांगतो, पुढे जाऊ नका. उद्या मुलाच्या पासपोर्टचं, नोकरीचं व्हेरिफिकेशन त्याच चौकीकडे येणार. तो सुखरूप घरी आला, यातच सगळं आलं म्हणा. सॅक आणा आणि विषय मिटवा.

---

शिवाजीनगर_वकील

ताई, शेजारच्या काकांचं म्हणणं अगदी हवेतलं नाही, पण साठ वर्षं जुनं आहे. त्याबद्दल खाली लिहितो. आधी आज-उद्याची कामं, कारण पुरावा वाट बघत नाही.

मुलाला सरकारी रुग्णालयात नेऊन तळपाय दाखवा. केसपेपरवर "पोलिसांनी पट्ट्याने मारल्याचे सांगतो" हे शब्द आले पाहिजेत. वळ आठवड्याभरात उतरतात. आज संध्याकाळीच जा.

दुसरं काम सीसीटीव्हीचं. २ डिसेंबर २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितलं. चित्रण अठरा महिने ठेवायचं, तशी यंत्रणाच मिळत नसेल तरी एक वर्षाच्या खाली जायचं नाही. म्हणून शनिवार संध्याकाळ ते रविवार दुपार हे चित्रण जपून ठेवा असा लेखी अर्ज ठाण्यात आणि पोलीस आयुक्तालयात द्या, आवक शिक्का मारलेली पोच घ्या. उद्या "कॅमेरा बंद होता" असं उत्तर आलं तर ते उत्तरच न्यायालयापुढे ठेवता येतं. चौकाच्या बाजूच्या दुकानांचे कॅमेरेही बघा. ते पंधरा-वीस दिवसांत पुसले जातात, त्यामुळे तिथे आजच जायला हवं. तुमचा रात्री बाराचा चौकीचा फेरा त्या चित्रणात असेल, हेही ध्यानात ठेवा.

"नोंद नाही म्हणजे अटक नाही" असं तुम्हाला ऐकवतील. माणसाला उठून जायची मुभा नसेल तर ती अटकच, मग डायरीत काहीही लिहिलेलं असो. डी. के. बसू निकालाने डिसेंबर १९९६ मध्ये अटकेचे ११ नियम घालून दिले: नावाची पट्टी, अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी. तुमच्या भाच्याच्या बाबतीत ह्यातला कुठला पाळला गेला? एकही नाही. घरचे दारात उभे असताना "आणलेला नाही" असं सांगणं तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) आणि २२ (अटक झालेल्याचे हक्क) दोन्हींवर घाव आहे.

---

जुना_पुणेकर

"सरकारवर दावा चालत नाही" हे कुठून आलं ते सांगतो. निवृत्तीनंतर कायद्याचा इतिहास वाचायचा नाद लागला आहे.

कंपनी सरकारचं राज्य नुकतंच संपलं होतं. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी मजूर लोखंडाचा मोठा तुकडा वाहून नेत होते. समोरून घोडागाडी आली, मजूर गडबडले, लोखंड खाली आदळलं, घोडा बुजला आणि जखमी झाला. गाडी पी अँड ओ या जहाज कंपनीची. तिने ३५० रुपयांचा दावा लावला. १८६१ मध्ये कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने जहाज कंपनीच्या बाजूने निकाल दिला, पण देताना एक रेघ ओढली: कुणीही व्यापारी करू शकेल अशा कामात चूक झाली तर सरकार जबाबदार, आणि फक्त राजाच करू शकतो अशा कामात, म्हणजे सार्वभौम कामात, जबाबदार नाही. आपल्या घटनेच्या अनुच्छेद ३०० ने दाव्यांबाबत सरकारची जबाबदारी जुन्या काळी होती तशीच पुढे चालू ठेवली. त्यामुळे एका घोड्याच्या जखमेवरून ओढलेली रेघ प्रजासत्ताकात आली.

पुढे मीरतचं प्रकरण. सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरचा एक सराफ सोनं-चांदी विकायला मीरतला उतरला. पोलिसांनी संशयावरून धरलं, माल जप्त केला, दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. चांदी परत मिळाली. शंभर तोळ्यांहून जास्त सोनं मालखान्यातच राहिलं, ते घेऊन तिथला हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात निघून गेला. दावा सर्वोच्च न्यायालयात पोचला. २९ सप्टेंबर १९६४ ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला: पोलिसांनी निष्काळजीपणा केला हे खरं, पण अटक आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामं, सबब सरकार देणं लागत नाही. कस्तुरीलाल निकाल तो हाच.

निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर, साताऱ्याचे, आपल्या डेक्कन कॉलेजचे आणि आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी. त्यांना हा निकाल देताना समाधान वाटलं नव्हतं, तसं त्यांनी निकालातच नोंदवलं आहे. संसदेने कायदा करून सरकारची जबाबदारी ठरवावी असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. विधी आयोगाने तर आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ मध्ये, हेच सुचवलं होतं. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयकं आली आणि लयाला गेली. तो कायदा आजही नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या धाग्याचं मूळ दुखणं इथे आहे.

---

शिवाजीनगर_वकील

जुना_पुणेकर, फार नेमकं लिहिलंत. पुढचा भाग मी लिहितो, कारण ताईंचं उत्तर त्यात आहे.

बंद दार दुसऱ्या बाजूने उघडलं, आणि उघडणारेही आयएलएसचेच, सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड. बिहारमधला एक कैदी जून १९६८ मध्ये निर्दोष सुटला, पण तुरुंगातून बाहेर आला ऑक्टोबर १९८२ मध्ये. चौदा वर्षं. ऑगस्ट १९८३ च्या रुदुल शाह निकालात न्यायालयाने म्हटलं की अशा माणसाला फक्त "जा, तू मोकळा" असं सांगणं म्हणजे मूलभूत हक्काला नुसता वरवरचा मान देणं. आधी दिलेल्या ५,००० खेरीज ३०,००० रुपये अंतरिम भरपाई बिहार सरकारने द्यावी असा आदेश झाला. वेगळा दिवाणी दावा करायचा त्याचा हक्कही शाबूत ठेवला. रक्कम आज तुटपुंजी वाटते, पण रिट अर्जातच, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जातच, सरकारला पैसे मोजायला लावण्याचा रस्ता त्या दिवशी पडला.

१९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालाने तो रस्ता पक्का केला. ओडिशात बावीस वर्षांचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात असताना मेला, आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, दीड लाख भरपाई मिळाली. न्यायालयाने स्वच्छ सांगितलं: मूलभूत हक्क मोडल्याबद्दल अनुच्छेद ३२ किंवा २२६ खाली, म्हणजे रिट अर्जातून, भरपाई मागितली, तर सार्वभौम कृत्याचा बचाव सरकारला मिळत नाही. तेव्हा काकांना हे दाखवा. कस्तुरीलाल निकाल पुस्तकातून रद्द झालेला नाही, पण रिटच्या वाटेवर तो आडवा येत नाही.

आता व्यवहार. रिट मुंबई उच्च न्यायालयात. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही, आपल्याला मुंबईच. मारहाणीबद्दल सरकारी पक्षाने नाकारलं आणि पुरावा फक्त तोंडी असेल, तर उच्च न्यायालय "दिवाणी न्यायालयात जा" म्हणू शकतं. म्हणूनच केसपेपर आणि चित्रण यांचा मी इतका आग्रह धरला. दिवाणी दाव्याला आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस (दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८०) द्यावी लागते, मागाल त्या रकमेप्रमाणे कोर्ट फी लागते आणि वर्षं जातात.

मुदतीचं सगळ्यात महत्त्वाचं. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम १६१ कर्तव्याच्या आडोशाने केलेल्या कृत्याबद्दल दाव्याला फक्त सहा महिने देतं. कबुलीसाठी मारणं हे कर्तव्यच नव्हे, त्याला या कलमाचं कवच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात म्हटलं आहे. पण त्या वादाच्या भरवशावर बसू नका. सहा महिने हीच शेवटची तारीख समजून चाला. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत जाता येतं, तिथे वकील लागत नाही. आणि बहिणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळू शकतो. महिलेला उत्पन्नाची अट न लावता तो हक्क आहे.

---

खाकी_घरातली

मी हवालदाराची मुलगी. वडील बत्तीस वर्षं खात्यात होते. हे लिहिताना हात अडखळतो आहे, पण लिहिते.

ताई, तुमच्या बहिणीचं "त्यालाही लेकरं असतील" हे वाक्य वाचून मी रडले. तिचा मोठेपणा आहे. पण घरात बसून मी काय पाहिलं ते ऐका. गणपतीत वडील सलग दोन-दोन दिवस घरी यायचे नाहीत. वरून "उद्या सकाळपर्यंत गुन्हा उघड झाला पाहिजे" असा दम यायचा आणि तो दम खालच्या माणसाच्या हातातल्या पट्ट्यातून बाहेर पडायचा. वडिलांनी कधी कुणाला मारलं का, हे मी त्यांना विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

प्रकरण चिघळलं की निलंबित होतो तो शिपाई. दम देणारा बदली होऊन पुढच्या ठाण्याला जातो. म्हणून सरकारकडे मागा. सरकारला पैसे मोजावे लागले तर कधीतरी कुणीतरी विचारेल की हा दम वरून का येतो.

---

परदेशी_पुणेकर

मी मूळची सदाशिव पेठेतली, आता बरीच वर्षं अमेरिकेत. इकडे हाच प्रश्न कसा सुटतो, किंवा अडतो, ते थोडक्यात लिहिते.

यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांवर हल्ले होत होते आणि स्थानिक पोलीस डोळेझाक करत होते. तेव्हा १८७१ मध्ये इथे कायदा झाला, आज तो "कलम १९८३" म्हणून ओळखला जातो. सरकारी अधिकाराच्या जोरावर कुणी घटनात्मक हक्क मोडला तर त्याच्यावर थेट दावा लावता येतो. पण शहराच्या सरकारवर? १९६१ मध्ये इथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. १९७८ च्या मोनेल खटल्यात मत बदललं: शहरावर दावा चालेल, पण नोकराने चूक केली एवढ्यावर नाही. ती चूक शहराच्या धोरणातून किंवा रुळलेल्या प्रथेतून आली हे दाखवावं लागेल. १९८९ मध्ये पुढची पायरी आली, पोलिसांना प्रशिक्षण देण्यात जाणूनबुजून हयगय केली असेल तर तेही धोरणच. घटकराज्यावर मात्र या कलमाखाली भरपाईचा दावा चालत नाही.

अधिकाऱ्याला इथे एक कवच मिळतं: हक्क आधीच्या निकालांतून पुरेसा स्पष्ट झालेला नसेल तर तो सुटतो. शहराला ते कवच नाही, असं १९८० मध्ये ठरलं. पोलिसाच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाला मिनियापोलिस शहराने मार्च २०२१ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली, हे तुम्ही वाचलं असेल.

वकीलसाहेबांचं वाचताना जाणवलं की नीलाबती बेहेरासारख्या निकालात "धोरण दाखवा" अशी अटच नाही. पोलीस सरकारचा, म्हणून सरकार देणं लागतं. ह्या बाबतीत आपला नियम इथल्यापेक्षा माणसाच्या बाजूचा आहे. इथे कायदा आहे म्हणून लोक हक्काने दावा लावतात, आपल्याकडे निकालांवर सगळं अवलंबून.

---

करदाता_कोथरूड

सगळं मान्य. पण भरपाई जाते तुमच्या-माझ्या करातून. मारलं त्याने, भरायचं मी? आणि प्रत्येक चुकीवर दावे लागले तर पोलीस कुणाला हातच लावणार नाहीत. रात्री माझी मुलगी कंपनीतून परत येते, तिच्या वाटेवर गस्त लागते. पोलिसांचं मनोबल हाही नागरिकांच्या सुरक्षेचाच भाग आहे.

---

शिवाजीनगर_वकील

ही शंका खरी आहे, तिला उत्तर दिलं पाहिजे. नोव्हेंबर १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा घेतला: भरपाई जनतेच्या पैशातून जाते, म्हणून विभागाने आधी ती द्यावी आणि मग दोषी अधिकाऱ्याकडून वसूल करावी. दिल्लीत पोलिसांच्या मारहाणीत नऊ वर्षांचं मूल दगावलं, त्या १९९० च्या निकालातही ७५,००० रुपये देताना वसुलीची मुभा ठेवली होती. क्रम मात्र उलटा करू नका. आधी सरकार, मग वसुली. शिपायाच्या पगारातून पीडिताने महिन्या-महिन्याने हप्ते गोळा करायचे का?

मनोबलाचं म्हणाल तर, ज्या पोलिसाने मेमो केला, घरी कळवलं, आधार कार्ड हातात घेऊन वाचलं, त्याला भरपाईची काय भीती? ह्या प्रकरणात ते कार्ड वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आणखी एक नोंद. भारताने १० एप्रिल १९७९ ला नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, तेव्हा अनुच्छेद ९ बद्दल लिहून दिलं की आमच्याकडे बेकायदा अटकेबद्दल सरकारकडून भरपाईचा हक्क अंमलात आणता येत नाही. न्यायालयांनी निकाल देऊन ते मागे टाकलं, पण कागदावर ते वाक्य तसंच आहे. छळविरोधी करारावरही आपण १९९७ मध्ये सही केली, मान्यता आजवर दिलेली नाही.

---

पवनाकाठ

मावळातून लिहितो. ९ ऑगस्ट २०११. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करायला बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर माणसं जमली होती. गोळीबार झाला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई. चौकशी आयोग बसला, न्यायमूर्ती गायकवाडांचा.

मला एवढंच सांगायचं आहे. अशा वेळी सरकार जे जाहीर करतं त्याला "मदत" म्हणतात. मदत पुरात देतात, गारपिटीत देतात. सरकारच्याच माणसाच्या गोळीने माणूस गेला तर ती मदत कशी? ते देणं आहे. ताई, अर्जात "मदत" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. "भरपाई" लिहा.

---

नवी_पेठ

पहिला प्रतिसाद माझाच होता. सगळं वाचून परत लिहितोय. माझ्या चुलतभावाने अशीच तक्रार केली होती आणि एकटा पडून सोडून दिली, ती भीती माझ्या शब्दांत होती. व्हेरिफिकेशनची भीती अजूनही खरी वाटते. पण आयुक्तालयात एकट्या जाऊ नका. मला कळवा, मी सोबत येतो.

---

शिवाजीनगर_वकील

एक राहिलं. प्रकाश सिंग निकालाने २००६ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्य पातळीवर आणि महसुली विभागांसाठी तशी तरतूद केली. तिथेही अर्ज टाका. भरपाई तिथून मिळेल असं समजू नका, पण तिथल्या चौकशीत झालेली नोंद रिटला उपयोगी पडते.

---

कात्रजची_मावशी (धागाकर्ती)

सगळ्यांचे किती आभार मानू. काय झालं ते लिहिते.

तुमचं वाचून त्याच संध्याकाळी रुग्णालयात गेलो. डॉक्टरीण बाईंनी प्रत्येक वळ मोजपट्टीने मोजला, उजव्या पायावर चार, डाव्यावर तीन, आणि भाचा सांगेल तसं त्याच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवलं. टपरीशेजारच्या मेडिकलवाल्याने त्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पेनड्राइव्हवर दिलं. त्यात ७ वाजून ५२ मिनिटांनी दोघे त्याला गाडीवर बसवताना दिसतात. आयुक्तालयात नवी_पेठ खरंच आले, दोन तास आमच्याबरोबर बाकावर बसले. पोच मिळाली. विधी सेवा प्राधिकरणातून एक तरुण वकीलबाई मिळाल्या आहेत, रिटचा मसुदा त्या करतायत.

खाकी_घरातली, तुमचं लिहिलेलं बहिणीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, अर्जात त्या दोघांबरोबर वरच्या साहेबांनाही उत्तर द्यायला सांगा.

भाचा पहिले दोन दिवस बोलतच नव्हता. काल मसुदा वाचत बसला आणि म्हणाला, "मावशी, सॅकचं एका ओळीत उरकलंय. त्यात काय काय होतं ते लिहा." मी मीरतच्या सोन्याचं त्याला सांगितलं होतं, चांदी परत आली आणि सोनं नाही ते. मग त्याने स्वतःच यादी केली. निळी सॅक, उजव्या बाजूची चेन तुटलेली. डबा. टी-स्क्वेअर. सॉलिड मेकॅनिक्सचं जर्नल, दहा प्रयोग, नवव्यापर्यंत सह्या झालेल्या.

कॉलेजच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी कोऱ्या फाईलवर त्याचं नाव घालून दिलं आणि पहिल्या प्रयोगापासून परत लिहायला आठ दिवस जास्त दिले. आत्ता इथे समोर बसून लिहितोय, तिसऱ्यावर आहे. पाय अजून खाली टेकवत नाही, खुर्चीवर वर घेऊन बसलाय.